एर्सिलियाचा राहता पत्ता

हिरवा लिफाफा किसलेल्या चीजच्या वाडग्याला टेकवून ठेवला होता. त्यामुळे त्या रविवारी कोलारोस्सींच्या टेबलावर चीज मागायची कुणाची छाती होत नव्हती. हिरव्या लिफाफ्यातून आजवर कुणाला शुभवार्ता आलेली नाही. दंड येतो, कोर्टाचा कागद येतो, नाहीतर कर येतो.

"सतराशे नव्वद युरो!" ओत्तावियो चौथ्यांदा म्हणाला. "मावशीचं घर, मावशी वारली, घर एर्सिलियाच्या नावावर झालं. एर्सिलियाचा राहता पत्ता तोच. राहत्या घराला कर नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मग दोन वर्षांचा कर, वर दंड, हे मागतात कशाचे?"

"ती तिथे फक्त कागदावर राहते ना पापा, त्याचेच मागतायत," सून निवेस म्हणाली. निवेस मूळची उत्तरेकडच्या त्रिएस्तेची, त्यातून कर-सल्लागाराच्या कचेरीत नोकरीला. बोलणं सरळ आणि जेवण मोजकं. दोन्ही गोष्टी सासऱ्याला खुपत.

"कागदावर म्हणजे काय, कागद खोटा आहे का?"

"कागद खराच आहे. माणूस खोटं आहे."

मुलगा दारियो पास्त्याच्या बशीत तोंड खुपसून बसला, कारण ही अक्कल मुळात त्याची. पाच वर्षांपूर्वी त्यानेच म्हटलं होतं: पेस्काराचा फ्लॅट पापांच्या नावावर, डोंगरातलं पिएत्रालेंताचं घर मम्माच्या नावावर. मम्माचा राहता पत्ता तिकडे हलवा, की दोन्ही घरं 'राहती' झाली, आणि दोन्हींचा कर माफ. निम्मी गल्ली हेच करत होती. दारियो त्या दिवशी भाव खाऊन गेला होता. आज त्याला मान वर करवत नव्हती.

"नवरा-बायकोची दोन वेगळी राहती घरं असू शकतात, त्याला कायद्याची हरकत नाही," निवेस पुढे म्हणाली. "पण दोघं खरंच तिथे राहत असले पाहिजेत. नगरपालिका पाणी बघते, वीज बघते. पिएत्रालेंतात नवी कारकून आलीय, तिने बसून एकेक घर काढलंय म्हणे. पाण्याचं मीटर गंजलेलं, आकडा अंदाजाने टाकलेला. विजेपर्यंत न जाता तेवढ्यावरूनच तिने ठरवलं की घर बंद आहे."

"तीनशे माणसांचं गाव, त्यात अडीचशे म्हातारे. तिला दुसरा उद्योग नाही!" ओत्तावियो उखडला.

त्याची बायको एर्सिलिया ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. एकाहत्तर वर्षांची, बुटकी, भक्कम बाई. तीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवून शिवून तिचे खांदे जरा पुढे आले होते. तिने रश्श्याचं भांडं आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "भरून टाकू या. माझ्या पेन्शनमधून देते. विषय संपला."

ओत्तावियोचा काटा हवेतच राहिला.

ही बाई मासळीबाजारात वीस सेंटसाठी मासळीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरायची. पाण्याच्या बिलात चार युरो जादा लागले तेव्हा कचेरीत जाऊन खुर्ची टाकून बसली होती, ती पैसे घेऊनच उठली. आणि ती म्हणते, भरून टाकू? ओत्तावियोला राग यायला हवा होता. पण त्याआधी त्याच्या मनात काहीतरी वळवळलं. हे असं का?

"तुला बरं नाहीये का?" त्याने विचारलं.

"मला काय धाड भरलीय? चीज घ्या की सगळ्यांनी."

निवेसने चीज वाढण्यासाठी लिफाफा उचलला आणि सवयीने उलटून पाहिला. "बुधवारी पिएत्रालेंताला आलाय. पोस्टमनने लिहिलंय, स्वतःच्या हाती दिला, सकाळी सव्वाअकरा."

"कुणाच्या हाती?" ओत्तावियोने विचारलं.

"तिथला पोस्टमन दोनातो नेहमी तसंच लिहितो," एर्सिलिया घाईने म्हणाली. "डबल खेप नको म्हणून. गुरुवारी संध्याकाळी तो आईला बघायला इथल्या इस्पितळात येतो, तेव्हा देऊन गेला."

"हां. बुधवारी तर तू लोरेदानाकडे होतीस, किएतीला."

टेबलाच्या पलीकडे लोरेदानाच्या हातून चमचा निसटून बशीवर खणकन आपटला. ओत्तावियोने पोरीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. गॅरेज विकल्यापासून, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, बाप-लेकीत मीठ दे आणि दार लाव याच्यापलीकडे बोलणं नव्हतं. ते गॅरेज तिला दवाखान्यासाठी हवं होतं, आणि त्याने ते परक्याला विकलं होतं. चमचा पडला तोही टोमणाच असणार, असं तो धरून चालला. लोरेदाना आईकडे बघत होती. आई भांड्यातल्या रश्श्याकडे.

"भरायचे नाहीत!" ओत्तावियोने टेबलावर हात आपटला. "एक सेंट नाही. दाखवू त्यांना विजेचं बिल. पाण्याचं मीटर गंजलं असेल, विजेचं नवीन आहे."

"पापा, विजेच्या बिलात काय दिसणार?" दारियो पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला. "महिन्याला तीन युनिटं. आपणच आपल्या हाताने पुरावा द्यायचा का? त्यापेक्षा मी काय म्हणतो, आजपासून तिथे गरम पाण्याचा बंब चालू ठेवू, रेडिओ लावून ठेवू..."

"आणि मागच्या दोन वर्षांचं काय, तेव्हाचा रेडिओ आज वाजवणार?" निवेस म्हणाली. नवऱ्याचं बोलणं तिने मुळापासून उपटलं की त्याला एक प्रकारची विश्रांती मिळायची. तो पुन्हा पास्त्याकडे वळला.

"बघू तरी," ओत्तावियो म्हणाला. "लोरेदाना, तुझ्या फोनवर आहे ना ते? तुझ्या आईचं खातं तूच उघडलं होतंस. बिल तर तिच्या पेन्शनमधून परस्पर जातं."

तीन वर्षांत बापाने तिला नावाने हाक मारली होती ती ही पहिली. लोरेदानाने फोन पर्समधून काढला, पण उघडला नाही. "राहू द्या ना पापा. मम्मा भरते म्हणतेय."

"तूही? अगं, तुम्ही दोघी सतराशे नव्वद रस्त्यात सापडल्यासारख्या काय बोलताय? आण इकडे."

आता ओत्तावियोचं एक सांगायला हवं. चौतीस वर्षं त्याने घरोघरी फिरून विजेची मीटरं वाचली. पेस्कारापासून डोंगरापर्यंत एकही जिना नसेल जो त्याने चढला नाही. मीटर बघून तो घर सांगायचा. इथे नवं बाळ आलंय. इथल्या म्हाताऱ्याला रात्री झोप नाही. इथे नवरा-बायको वेगवेगळ्या खोल्यांत झोपतात. पुढे घरातच बसून लांबून आकडे पाठवणारी मीटरं आली आणि ओत्तावियो रिटायर झाला. त्या मीटरांवर त्याचा दात होता. पण फोनवर तासातासाचा आकडा दिसतो हे कळल्यापासून, एखाद्याने आपली जुनी सायकल परत दिल्यासारखं त्याला होत असे.

त्याने चष्मा लावला. फोन हातभर लांब धरला.

"तीन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. चार युनिटं. बरोबर, बंद घर. ऑक्टोबर..." तो थांबला. चष्मा काढून रुमालाने पुसला आणि परत लावला. "एकसष्ट."

"किती?" दारियो.

"एकसष्ट! नोव्हेंबर, अठ्ठ्याहत्तर. डिसेंबर, बहात्तर. जानेवारी, चौऱ्याण्णव!" त्याचा चेहरा उजळला. "चोरी! अरे, आपल्या तारेवर कुणीतरी आकडा टाकलाय! कार्मिने! मी म्हटलं होतं ना? त्या शेजारच्या कार्मिनेच्या तळघरात चीज पिकतं, त्याला पंखा लागतो. हरामखोर, तीन वर्षं माझ्या विजेवर चीज पिकवतोय!"

"कार्मिने तसला नाही," एर्सिलिया म्हणाली.

"तुला काय माहीत? तू जातेस कुठे तिथे!"

एर्सिलियाने खुर्ची ओढली आणि ती खाली बसली. रविवारच्या जेवणात फळं येईपर्यंत ती कधी बसत नसे. पण ओत्तावियोचं लक्ष नव्हतं. तो दिवस दिवस उघडून बघत होता, बोटाने सरकवत, ओठ हलवत.

"नाही, कार्मिने नाही," थोड्या वेळाने तो स्वतःच म्हणाला. आवाज बदलला होता. अशा आवाजात तो नोकरीत असताना घरी येऊन गोष्टी सांगायचा, आणि पोरं गृहपाठ टाकून ऐकत बसायची. "पंखा असता तर रात्रंदिवस सारखा आकडा आला असता. इथे शुक्र, शनि, रवि, सोम काहीच नाही. मंगळवारी सकाळी साडेनऊपर्यंत शून्य. मग एकदम उडी. बंब लावला. माणूस आलाय. गारठून आलाय, पहिलं पाणी तापवतोय."

"साडेनऊला बस पोचते," दारियो म्हणाला आणि आपण काय बोललो याचा त्याला पत्ता नव्हता.

"शाबास! बसने येतो. गाडी नाही त्याच्याकडे. दुपारी काही नाही, झोपत असेल. संध्याकाळी..." ओत्तावियो पुढे वाकला. "अरे देवा. संध्याकाळी सहापासून साडेदहापर्यंत घरातले सगळे दिवे. एकूण एक! स्वयंपाकघर, जिना, दोन्ही खोल्या, अंगणातलासुद्धा. काय माणूस आहे हा? याला बटण बंद करता येत नाही का?"

"चोराला काय, बिल थोडंच भरायचंय," दारियो म्हणाला.

"बुधवारी अकराला ओव्हन. चाळीस मिनिटं. दर बुधवारी! गुरुवारी दुपारी चारला सगळं बंद. चार वीसची बस." ओत्तावियोने फोन खाली ठेवला आणि सगळ्यांकडे विजयी नजरेने पाहिलं. "कुणीतरी आपल्या घरात राहतंय. मंगळ, बुध, गुरू. तीन वर्षं."

"बाई असणार," दारियो म्हणाला.

"कशावरून?" निवेसने विचारलं.

"ओव्हन."

"का, पुरुषांचे हात झडलेत? आपल्याकडचं ओव्हनचं बटण कुठल्या बाजूला आहे, सांग बरं."

दारियोने विचार केला. सांगता आलं नाही.

लोरेदाना उठून खिडकीपाशी गेली. "पापा, पुरे आता," ती म्हणाली. "पोलिसांत द्यायचं तर उद्या देऊ."

"पोलिस कशाला? आधी मला कळू तर दे कोण आहे ते!" ओत्तावियोला आता कर, कारकून, सतराशे नव्वद, सगळ्याचा विसर पडला होता. तो अनोळखी माणूस त्याला आवडायलाच लागला होता. ठरलेल्या वेळी येणारा, ठरलेल्या वेळी जाणारा, एकटा. "नेमाचा माणूस आहे. सुट्ट्या किती घेतो बघू. ख्रिसमसचे दोन आठवडे नाही. ऑगस्टमध्ये नाही, समुद्रावर जात असेल. आणि हे काय? मागचा फेब्रुवारी. तीन तारखेपासून तेवीसपर्यंत काहीच नाही. ऐन थंडीत तीन आठवडे? आजारी पडला की काय?"

एर्सिलिया टेबलक्लॉथवरची सुरकुती हाताने सपाट करू लागली.

"फेब्रुवारीत मीच तर आजारी होतो," ओत्तावियो म्हणाला. "तीन तारखेला मला इस्पितळात नेलं. हर्नियाचं ऑपरेशन..."

ते तीन आठवडे त्याला लख्ख आठवत होते. एर्सिलिया आधी खाटेशेजारी, मग घरी उशाशी, शब्दकोडी सोडवत बसलेली. त्याने विचारलं होतं, तू मंगळवारी लोरेदानाकडे जाऊन गुरुवारी परतायचीस, आता तिच्या जुळ्यांना कोण बघतंय? ती म्हणाली होती, त्यांचं चाललंय. त्याने फोन उचलला. ऑगस्ट पुन्हा उघडला. ऑगस्टमध्ये ते दोघं किनाऱ्यावरच्या खोलीत असत, दरवर्षी. ख्रिसमसला पोरं घरी यायची. त्याने मागच्या बुधवारचं पान उघडलं. सकाळी सव्वाअकराला ओव्हन चालू होता. सव्वाअकराला पोस्टमनने लिफाफा स्वतःच्या हाती दिला होता.

त्याने चष्मा काढला. समोर बसलेली बायको सत्तेचाळीस वर्षांच्या ओळखीची होती, आणि तिच्याबद्दल आत्ता त्याने जेवढं वाचलं होतं तेवढंही त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

"ओव्हनमध्ये काय असतं?" त्याने विचारलं.

"मिरच्या," एर्सिलिया म्हणाली. "लाल, मोठ्या. भाजून, सोलून, लसूण घालून. तुला पचत नाहीत म्हणून या घरात येत नाहीत."

"म्हणजे मम्मा..." दारियोच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. "चोर तू?"

"गप रे," निवेस म्हणाली.

लोरेदाना खिडकीकडून वळली. "पोरं पूर्ण वेळच्या शाळेत जायला लागली तेव्हा मीच तुला सांगितलं होतं, आता येऊ नकोस, आराम कर. मला वाटायचं तू घरी आराम करतेयस! पापांना वाटतंय तू माझ्याकडे. माझ्या पोरांना पुढे केलंस, मम्मा. तीन वर्षं!"

"पुढे केलं, हो. तुम्ही दोघं एकमेकांना फोन करत नव्हता, म्हणून जमलं. करत असता तर पहिल्याच आठवड्यात पकडली गेले असते."

बाप-लेकीची नजरानजर झाली.

"कोण आहे तिथे?" ओत्तावियोचा आवाज बारीक झाला.

"कोण म्हणजे?"

"दुसरं कोण असतं? तुझ्याबरोबर?"

एर्सिलिया आधी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. पोट धरून, डोळे पुसत ती हसली. "कार्मिने म्हणतोस? अरे, त्याच्या अंगाला बकरीच्या चीजचा वास येतो! कुणी नाही रे बाबा. कुणी नसतं. त्यासाठीच तर जाते."

"मग तिथे करतेस काय?"

"काही नाही. झोपते पलंगाच्या मधोमध. मावशीच्या खुर्चीत बसते. चपला घालून घरभर हिंडते. आणि दिवे लावते." तिचं हसू ओसरलं. "ओत्तावियो, तू रिटायर झालास तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं नाही सांगत. वाटलं, आता आपण दोघं. पण तू रिटायर होऊन माझ्या मागे लागलास. मी खोलीतून निघाले की तू येतोस आणि टक, दिवा बंद. माझा एक पाय अजून उंबऱ्यात असतो. मला कधी कधी परत आत जायचं असतं. भांडी घासते तर गरम पाणी बंद करतोस. ओव्हन उघडला तर म्हणतोस, उष्णता गेली. 'एर्सिलिया, कुठे आहेस? एर्सिलिया, काय करतेस?' फ्लॅट सत्तर चौरस मीटरचा, मी जाणार कुठे? संडासात बसले तरी दाराबाहेरून विचारतोस, दिवा लागतोय का."

"बचत व्हावी म्हणून..." ओत्तावियो पुटपुटला.

"किती झाली बचत? माझा जीव गुदमरायचा. मंगळवारी बसमध्ये बसले की श्वास खाली उतरायचा. हे सांगायची मला लाज वाटत होती, म्हणून खोटं बोलले. खोटं बोलले त्याचीही लाज वाटते. झालं. आता भरू द्या मला तो कर, आणि जेवा."

जेवलं कुणी नाही. ओत्तावियो उठला, बाल्कनीच्या दारापर्यंत गेला, परत आला. त्याला ओरडायचं होतं आणि रडायचंही होतं, आणि पोरांसमोर दोन्ही जमणार नव्हतं.

"तू मला सोडलंस," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी. आणि मला पत्ताही लागू दिला नाहीस."

"सोडलं असतं तर गुरुवारी परत कशाला आले असते?"

"पापांची बाजू मला पटते," लोरेदाना म्हणाली, आणि ती बापाच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. बापाशेजारी ती किती काळाने बसली होती, ते दोघांनीही मोजलं असणार.

"मला मम्माची पटते," निवेस म्हणाली. "मला तर आठवड्यातून एक दिवस दिला तरी चालेल."

दारियोने चमकून बायकोकडे पाहिलं. मग त्याला जे सुचलं ते त्याने बोलून टाकलं. "पण एक मिनिट. मग तर प्रश्नच मिटला! मम्मा खरंच राहते तिथे! बिलात दिसतंय. नगरपालिकेच्या तोंडावर फेका ते आकडे. एक सेंट भरायला नको!"

सगळे निवेसकडे वळले. तिने पर्समधून पेन काढलं, नोटिशीबरोबरचा छापील अर्ज उलगडला आणि शांतपणे वाचून काढला.

"तीन दिवस," ती म्हणाली. "कायदा विचारतो, माणूस नेहमी राहतं कुठे. आठवड्यात तीन दिवस तिकडे आणि चार दिवस इकडे, तर नेहमीचं घर इकडचं. मागचे सतराशे नव्वद तर गेलेच, ते वाचत नाहीत. प्रश्न पुढचा आहे. या ओळीत राहता पत्ता लिहायचा. पिएत्रालेंता लिहिलं तर यापुढे खरंच तिथे जास्त राहायला हवं, आठवड्याचे चार दिवस तरी. वीजबिलात तसं दिसलं पाहिजे, कारण आता ती कारकून दर महिन्याला बघणार. मग कर माफ. पेस्कारा लिहिलं तर ते दुसरं घर ठरतं, आणि वर्षाला सहाशे सत्त्याहत्तर. अर्धे सोळा जूनला, अर्धे सोळा डिसेंबरला. दरवर्षी, घर आहे तोवर."

"एका दिवसाचा फरक," दारियो म्हणाला.

"एका दिवसाचा."

निवेसने पेनचं टोपण काढलं. एर्सिलिया टेबलक्लॉथवरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होती.

ओत्तावियोने तिच्या हातांकडे पाहिलं. त्याला एक गोष्ट स्वच्छ कळली. ती चौथ्या दिवसासाठी तोंड उघडून मागणार नाही, आणि त्याने दिला नाही तर कधी ना कधी न मागता घेईल. चौतीस वर्षं तो लोकांची घरं मीटरवरून ओळखत आला होता. आपल्या घरात त्याला फक्त दिवे दिसले होते. चार दिवस तिकडे म्हणजे इकडे तीन. आणि पुढच्या वर्षी? तरी तो म्हणाला, "पिएत्रालेंता लिही."

"पापा!" लोरेदानाने त्याचा दंड धरला.

"लिही म्हणतो ना. तिला तिथे बरं वाटतं. आणि वर्षाला सहाशे सत्त्याहत्तर वाचतात." शेवटचं वाक्य त्याने आवाज स्थिर राहावा म्हणून जोडलं होतं, पण आवाज राहिला नाही.

एर्सिलियाने पावाचे कण तळहातावर घेतले आणि बशीत झटकले.

"पेस्कारा लिही, निवेस."

"मम्मा, विचार कर," दारियो म्हणाला. "दरवर्षी सहाशे..."

"मला आकडे कळतात, मी कॉलरी मोजून शिवल्यात. मला तीन दिवस हवेत. चार नकोत. चौथ्या दिवशी मला तिथे करमत नाही, मी एकदा राहून बघितलंय. गुरुवारची बस सोडली आणि रात्रभर घड्याळ बघत बसले, की याने गोळ्या घेतल्या असतील का." तिने ओत्तावियोकडे मान वळवली. "राहते मी इथे. या चक्रमाबरोबर. तेच लिही."

ओत्तावियोने नाक ओढलं. त्याला सगळ्यांसमोर रडू येत होतं, आणि त्याने ते येऊ दिलं. लोरेदानाने त्याच्यापुढे आपला रुमाल ठेवला. तो त्याने घेतला.

निवेसने ओळ भरली. पेस्काराचा पत्ता, पिनकोडसकट.

"कर अर्धा मी भरीन," ओत्तावियो रुमालातून म्हणाला.

"अजिबात नाही. ते माझे तीन दिवस आहेत. त्यात तुझे पैसे आले की पाठोपाठ तू येशील."

"आणि आलोच तर? एखाद्या बुधवारी?"

एर्सिलियाने पेन घेतलं, सही केली, आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर मारली.

"आधी सांगून यायचं. दार वाजवायचं. मी 'ये' म्हणेपर्यंत बाहेर उभं राहायचं."

"आणि तू 'ये' म्हणालीच नाहीस तर?"

"तर चार वीसची बस आहे."

ओत्तावियोने मान डोलावली. त्याला तिथलं स्वयंपाकघर आठवत होतं, पण मावशीची खुर्ची कुठे ठेवलेली असते ते आठवेना, आणि ते बघावंसं फार वाटत होतं.

"या बुधवारी?"

"या नको," एर्सिलिया म्हणाली. "पुढच्या बुधवारचं बघते."